वाचकांचे प्रश्न : बटणाच्या जागी डिमर

प्रश्न : आमच्या दिवाणखान्याच्या पीओपी छतात 7 वॉटचे सहा एलईडी दिवे असून ते एकाच बटणावर चालतात. रात्री प्रकाश मंद करता यावा म्हणून त्या बटणाच्या जागी मी 400 वॉटचा डिमर बसवून घेतला. परंतु त्याचा नॉब अर्ध्यापर्यंत फिरवला तरी फरक पडत नाही, त्यापुढे दिवे लुकलुकतात आणि दोन तर विझूनच जातात. डिमर खराब आहे का? तो मी स्वतः बदलू शकतो का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : डिमर खराब असण्याची शक्यता फार कमी आहे; तो आणि आपले दिवे एकमेकांसाठी बनलेले नाहीत, एवढेच. घरगुती पुरवठा 230 व्होल्ट आणि 50 हर्ट्झचा असतो, म्हणजे त्याची लहर सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते. साधा डिमर प्रत्येक वेळी शून्यानंतर काही क्षण प्रवाह अडवून धरतो आणि मग सोडतो. तो किती वेळ अडवायचा हे नॉब ठरवतो. जुन्या पिवळ्या बल्बची तार तापलेली असल्यामुळे एवढ्याशा खंडाने ती थंड होत नाही, फक्त मंद होते. एलईडी दिव्याला मात्र ड्रायव्हर जोडलेला असतो आणि पुरवठा कमीजास्त झाला तरी उजेड कायम ठेवणे हेच त्याचे काम असते. म्हणून तो अर्ध्या नॉबपर्यंत उजेड टिकवून धरतो, त्यापुढे त्याला पुरेसे व्होल्टेज मिळत नाही आणि तो चालू-बंद होऊ लागतो. शिवाय तुकड्यातुकड्यांनी येणाऱ्या प्रवाहाचे झटके ड्रायव्हरमधील कपॅसिटर (वीज क्षणभर साठवणारा भाग) सोसत राहतो, त्यामुळे दिव्याचे आयुष्यही घटते. दिवे असेच चालवत राहू नका, ही कळकळीची विनंती.

डिमरवरील 400 वॉट हा आकडा सहसा जुन्या बल्बसाठी असतो. एलईडीसाठीची मर्यादा त्याहून बरीच कमी असते आणि ती खोक्यावर वेगळी छापलेली नसेल तर तो डिमर एलईडीसाठी नाही असेच धरावे. उलट बाजूने, अशा अनेक डिमरना नीट चालण्यासाठी किमान भारही लागतो आणि आपले सहाही दिवे मिळून जेमतेम 42 वॉट होतात.

तेव्हा सुरुवात बोर्डापासून न करता छतापासून करावी. दिवा स्प्रिंगच्या चिमट्यांवर असतो. तो हलकेच खाली ओढला की मागे वायरीला लटकलेली लहानशी पांढरी डबी दिसते, तोच ड्रायव्हर. त्यावर ‘डिमेबल’ असे लिहिलेले नसेल तर कितीही महाग डिमर आणून उपयोग नाही. ड्रायव्हर वेगळा असल्याने संपूर्ण दिवा फेकण्याची गरज नसते; डबीवर छापलेले आउटपुटचे मिलिअँपिअर आणि व्होल्टेज यांच्याशी जुळणारा डिमेबल ड्रायव्हर आणि एलईडीसाठीचाच डिमर असे दोन्ही घ्यावे लागतील. माझे मत विचाराल तर आपल्या गरजेसाठी सहा दिव्यांची चार आणि दोन अशी वाटणी करून दोन बटणे लावणे अधिक शहाणपणाचे आहे. छतातून एक जादा वायर ओढावी लागेल, पण लुकलुकण्याचा प्रश्नच उरणार नाही.

स्वतः बदलण्याविषयी मात्र मला सविस्तर लिहिले पाहिजे. आपल्याकडे भारनियमनामुळे घरोघरी इन्व्हर्टर आहेत आणि नेमका तिथेच जिवाला धोका आहे. मेन स्विच पाडला की इन्व्हर्टरला वाटते वीज गेली, आणि तो तत्काळ त्याच बोर्डाला वीज पुरवू लागतो. उलट नुसता इन्व्हर्टर बंद केला तर मेनची वीज त्याच्यातून तशीच पुढे जाते. म्हणून टेस्टर आधी चालू असलेल्या पॉइंटवर लावून तो पेटतो याची खात्री करावी, मग दोन्ही बंद करून तो या बोर्डातील प्रत्येक स्क्रूवर लावावा. जुन्या घरांत वायरींच्या रंगावर विसंबू नये. कधी कधी बटण फेजऐवजी (वीज आणणाऱ्या तारेऐवजी) न्यूट्रलवर (परतीच्या तारेवर) जोडलेले आढळते. तसे असल्यास बटण बंद असतानाही दिव्यापर्यंत फेज पोहोचलेला असतो आणि ती चूक वायरमनकडून आधी दुरुस्त करून घ्यावी. बटणाच्या एका स्क्रूखाली बहुधा दोन वायरी दिसतील. त्यातली एक फेज आणते आणि दुसरी तो शेजारच्या बटणाकडे नेते. ही दुसरी सुटली तर उरलेली बटणे बंद पडतात, आणि सैल राहिली तर सांधा तापून वितळतो. हे वाचून मनात जराही शंका आली, तर काम परवानाधारक वायरमनवरच सोपवावे.

प्रश्न : घरात पंख्याचा जादा रेग्युलेटर पडून आहे. तो दिव्याला लावला तर चालेल का? (एक वाचक, अकोला)

उत्तर : लावू नये. हल्लीचे पायरीपायरीचे रेग्युलेटर बहुतेक कपॅसिटरवर चालतात आणि ते पंख्याच्या मोटारीचा हिशेब धरून बनवलेले असतात. एलईडीचा ड्रायव्हर त्यामुळे मंद होण्याऐवजी एक तर तसाच उजळ राहील, नाही तर लुकलुकेल. आपला इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा, म्हणजे चौकोनी लहरीची वीज देणारा असेल तर डिमर घेण्यापूर्वीही विचार करावा, कारण अशा पुरवठ्यावर साधे डिमर नीट चालत नाहीत. जिना किंवा शयनगृहातील दिवा दोन ठिकाणच्या बटणांवर असेल, तर टू-वे जोडणीसाठी बनवलेलाच डिमर लागतो आणि तोही दोनांपैकी एकाच जागी बसवायचा असतो.