पहिलाच शॅमेलिऑन आणलाय? सुरुवातीला एवढं सांभाळा

आपल्या रानातला शॅमेलिऑन, म्हणजे सरडगुहिरा, १९७२च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे. तो पकडून पाळू नका. पुढचं सगळं परदेशात कायदेशीर पैदाशीतून मिळणाऱ्या, मूळच्या येमेनकडच्या व्हेल्ड शॅमेलिऑनबद्दल.

सगळ्यात जास्त चुका पाण्यात होतात. वाटीतल्या साचलेल्या पाण्याकडे तो बहुधा ढुंकूनही पाहत नाही, पानांवरचे थेंब चाटतो. सकाळ-संध्याकाळ दोन-तीन मिनिटं फवारा मारा आणि मधल्या वेळात पिंजरा पूर्ण सुकू द्या. सतत ओल राहिली की फुप्फुसांना संसर्ग होतो. विष्ठेतला पांढरा भाग नारिंगी दिसला, तर पाणी कमी पडतंय.

- पिंजरा जाळीचा, उंच: मोठ्या नरासाठी ६०×६०×१२० सेंमी. आत दाट झाडी.
- यूव्हीबीची (उन्हातल्यासारखे अतिनील किरण देणारी) लांब, बारीक टी-५ ट्यूब, रोज १२ तास. उजेड देत असली तरी वर्षाने बदला. यूव्हीबीशिवाय कॅल्शियम अंगी लागत नाही, हाडं वाकतात.
- खायला द्यायचा रातकिडा शॅमेलिऑनच्या दोन डोळ्यांमधल्या अंतराहून मोठा नको. वर कॅल्शियमची पूड भुरभुरवा.

एका पिंजऱ्यात दोन कधीच नाहीत. हाताळायची घाई नको, आधी त्याला रुळू द्या. दिवसा डोळे मिटून बसलेला दिसला, तर मात्र त्याच दिवशी सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरांना दाखवा.