रानमेवा घरी आणताय? मग हे वाचा

एप्रिल-मे आला की आमच्याकडे येणाऱ्या पत्रांना करवंदाचा वास असतो असं मी घरी नेहमी म्हणते. यावेळी तर ढीगच आहे. गावाला गेलेली, ट्रेकला गेलेली, मामाकडे गेलेली सगळी मंडळी पिशव्या भरून काहीतरी आणतात आणि मग किचनच्या ओट्यासमोर उभं राहून विचारतात की आता याचं करायचं काय. जमतील तेवढ्यांना उत्तरं देतेय.

ताई, महाडजवळच्या आमच्या गावाहून चार किलो कच्ची करवंदं आणली. हाताला एवढा चीक लागला की दोन दिवस निघाला नाही. लोणचं घातलं तर ते खाल्ल्यावर घशात खवखवतं. कुठे चुकलं? (एक वाचक, ठाणे)

तोडल्या तोडल्या पिशवीत भरलीत ना? तिथंच चुकलं बघा. करवंदाचं देठ तुटलं की दुधासारखा पांढरा चीक टपकन बाहेर येतो आणि पिशवीत फळं एकमेकांवर घासून तो सगळ्यांना लागतो, मग तो वाळला की कितीही धुवा, जात नाही. आमच्या गावी करवंदाच्या जाळीवर जाताना बादली घेऊन जायची पद्धत, तळाला पाणी आणि त्यात मूठभर मीठ, तोडलं की टाक बादलीत. अर्धा चीक तिथंच सुटतो.

घरी आल्यावर दोन-तीनदा पाणी बदलून धुवायची, हाताला आणि विळीला खोबरेल तेल चोळायचं, मग एकेक करवंद उभं चिरून आतली बी टोकाने उडवायची आणि फोडी परत मिठाच्या पाण्यात टाकायच्या. तासाभराने ते पाणी ओतून टाका, जरा गढूळ झालेलं दिसेल, तोच तुमच्या घशात खवखवणारा चीक. फोडी पंचावर पसरून पार कोरड्या होऊ द्या, सुती पंचा घ्या, टिश्यू पेपर चिकटतो. त्यानंतर किलोला साधारण दीडशे ग्रॅम मीठ, दोन चमचे हळद, शंभर ग्रॅम मोहरीची डाळ, तळून कुटलेली थोडी मेथी, हिंग आणि तुमच्या घरात चालेल तेवढं तिखट. तेल धूर येईपर्यंत तापवून पूर्ण गार करून मगच ओतायचं. आणि घाई करू नका हो! करवंदाचं लोणचं दुसऱ्या दिवशी खायचं नसतं, दहा-पंधरा दिवस मुरू दे, मग बघा.

चीक हाताला लागलाच तर साबणाने घासत बसू नका, खोबरेल चोळा आणि मग बेसनाने धुवा.

पिकलेली काळी करवंदं उरली असतील तर त्यांचा जॅम करा, करवंदात पेक्टिन, म्हणजे जॅम घट्ट करणारा घटक, भरपूर असतं त्यामुळे बाहेरून काही घालावं लागत नाही, नुसता गर गाळून साखर घालून आटवला की जमतो. पण त्याआधी चार मूठ मुलांना द्या आणि कोंबडा का कोंबडी खेळायला शिकवा. चावल्यावर आतून लाल निघालं तर कोंबडा, पांढरट निघालं तर कोंबडी. माझ्या भाचीला हे माहीत नव्हतं, मला खरंच वाईट वाटलं.

आमसुलं घरी केली, महिन्याभरात वरती पांढरं पांढरं आलंय. सासूबाई म्हणतात मीठ आहे, मला बुरशी वाटतेय. टाकून देऊ का? (वाचक, कुडाळ)

थांबा, टाकू नका. एक आमसूल घ्या, त्यावर पाण्याचा थेंब टाका आणि बोटाने चोळा. विरघळलं तर सासूबाई बरोबर आहेत. कापसासारखं तंतू-तंतू असेल, हिरवट-करडी झाक असेल, कुबट वास येत असेल तर ती बुरशी. मग वरवर पुसून वाचवायला जाऊ नका, तेवढं सगळं टाका.

बुरशी बहुतेक वेळा पुटं कमी पडली की येते. रातांबे म्हणजे कोकमाची फळं फोडून बिया-गर एका पातेल्यात काढायचा, त्यात मीठ घालायचं, म्हणजे त्याला रस सुटतो. सालं उन्हात वाळवायची. संध्याकाळी ती सालं त्या रसात बुडवायची, सकाळी परत उन्हात. याला पुट देणं म्हणतात आणि हे एकदा-दोनदा करून भागत नाही, पाच-सहा वेळा तरी हवं, सालं लाल होती ती जांभळट-काळी आणि जाड होईपर्यंत. दोन पुटांत काम आटपलं की साल वरून वाळल्यासारखी दिसते, पण आत ओल राहते आणि मिठाचं प्रमाणही कमी पडतं. शिवाय यंदा पाऊस लवकर आला असेल तुमच्याकडे, ऊनच मिळालं नसेल तर तुमचा तरी काय दोष.

भांडं स्टीलचं, काचेचं किंवा चिनीमातीचंच घ्या. कोकम इतकं आंबट असतं की अ‍ॅल्युमिनियम, तांबं आणि बिनकल्हईचं पितळ त्यात उतरतं. आणि बिया फेकू नका!! सुकवून, फोडून, कुटून उकळल्या की वर जे तेल येतं ते गार झाल्यावर मेणासारखं घट्ट होतं, त्याला कुणी भिरंडेल म्हणतात कुणी मुटेल, थंडीत पायाच्या भेगांना त्याच्यासारखं दुसरं काही नाही. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला २०१६ मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय आणि तरी कितीतरी परसांत रातांबे झाडाखाली सडून जातात, ते बघवत नाही.

जंगलात संत्र्यासारखी नारिंगी गोल फळं दिसली, साल कडक, आत पांढरट गर आणि बटणासारख्या चपट्या बिया. पक्षी खात होते, म्हणजे आपल्यालाही चालत असेल ना? ग्रुपमधल्या एकाने थोडं चाखलंय. (कॉलेजचा विद्यार्थी, चिपळूण)

नाही रे बाबा, नाही! तू वर्णन केलंयस तो काजरा आहे, त्यालाच कुचला म्हणतात. त्या चपट्या बियांमध्ये स्ट्रिक्नीन असतं, फार जहाल विष, त्याने स्नायूंना झटके येतात आणि श्वास बंद पडू शकतो. तुझा मित्र बरा आहे हे तू पत्रात पुढे लिहिलंयस म्हणून माझा जीव भांड्यात पडला. पुढे कधी असं झालं तर मीठपाणी पाजून उलटी काढायच्या भानगडीत पडायचं नाही, १०८ ला फोन करायचा, दवाखाना गाठायचा आणि फळ-पान सोबत न्यायचं म्हणजे डॉक्टरांना कळेल काय खाल्लंय.

पक्षी खातात म्हणून आपण खायचं, हे सगळ्यात धोकादायक समीकरण आहे. पक्षी वरचा गर खातात, बी तशीच टाकतात, आणि मुळात त्यांचं पोट वेगळं आपलं वेगळं. तसंच चंद्रज्योतीचं. कुंपणाला लावतात ती, मोगली एरंडही म्हणतात, तिच्या बिया चवीला शेंगदाण्यासारख्या लागतात म्हणून मुलं खातात आणि मग गावातल्या दहा-बारा मुलांना एकदम उलट्या-जुलाब होऊन दवाखान्यात न्यायची वेळ येते. गुंजेच्या लाल-काळ्या बिया, पिवळी कण्हेर, धोतरा, हे तर घराच्या आसपासच असतं. मुलांना करवंद दाखवाल त्याच दिवशी हेही बोट दाखवून सांगा.

बिब्याबद्दल तिघांनी विचारलंय म्हणून इथेच सांगते. बिब्याच्या बोंडाला वर जो पिवळा-नारिंगी मांसल भाग असतो तो विदर्भ-मराठवाड्यात सुकवून खातात, बिब्याची फुलं म्हणून बाजारातही मिळतो. पण त्याला चिकटलेल्या काळ्या बीमध्ये जे तेल असतं ते कातडीवर उततं. मी दहा वर्षांची असताना दगडाने बिबा फोडला होता, एक थेंब मनगटावर उडाला, संध्याकाळपर्यंत कोपरापर्यंत फोड आणि पुढचे आठ-नऊ दिवस आई रात्री उठून खोबरेल लावायची, डाग अजून आहे. ज्यांच्या घरात पिढ्यानपिढ्या बिबा हाताळतात त्यांनी हाताळावा, बाकीच्यांनी बाजारातून तयार फुलं किंवा गोडंबी घ्यावी. गोडंबी म्हणजे त्या बीच्या आतला गर, डिंकाच्या लाडवात घालतात तीच.

जांभळाचा रस काढून बाटलीत भरला होता, चौथ्या दिवशी झाकण उडालं आणि किचनची भिंत जांभळी झाली. (वाचक, बदलापूर)

आंबला तो. फळाच्या सालीवर यीस्ट असतंच, जांभळात साखर आहे, वर मे महिन्याची गरमी आणि घट्ट झाकण, मग गॅस जाणार कुठे? रस कच्चा भरायचा नाही. गर बियांपासून हाताने सोडवा, एक वाटी गराला पाऊण वाटी साखर, मंद गॅसवर चांगली उकळी येऊ द्या, अर्ध्या लिंबाचा रस पिळा, उकळत्या पाण्यातून काढून कोरड्या केलेल्या बाटलीत भरा आणि फ्रिजमध्ये ठेवा, दोन आठवड्यांत संपवा. जास्त असेल तर बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा, मी तेच करते, जुलैमध्ये दोन क्यूब, काळं मीठ, जिरेपूड आणि पाणी.

बाबांना डायबिटीस आहे, जांभळाच्या बियांची पावडर सुरू केली तर गोळ्या बंद करता येतील का? (वाचक, लातूर)

नाही. गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवससुद्धा बंद करायच्या नाहीत. पावडर द्यायची असेल तरी आधी त्यांना सांगा, दोन्ही मिळून साखर खाली गेली तर चक्कर येऊन पडायला होतं.

सोसायटीतले आम्ही वीस जण जंगलात फिरायला गेलो, तीन पिशव्या करवंदं तोडली, गेटवर गार्डने काढून घेतली. जंगल तर सगळ्यांचं, मग आम्ही काय गुन्हा केला? (वाचक, मुंबई)

तुम्ही गेलात ते अभयारण्य होतं असं पत्रावरून दिसतंय. अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यानातून परवानगीशिवाय काही उचलून आणायला १९७२ च्या वन्यजीव कायद्याने बंदी आहे, फळंसुद्धा त्यात आली. गार्डने त्याचं काम केलं. आणि सगळ्यांचं म्हणाल तर, गौण वनोपजावर, म्हणजे लाकूड सोडून जंगलातून जे फळ-मध-डिंक मिळतं त्यावर, पहिला हक्क तिथं पिढ्यानपिढ्या राहणाऱ्यांचा आहे, २००६ च्या वनहक्क कायद्यात तो लिहिलेला आहे. कर्जत-नेरळ-लोणावळ्याच्या बाजूला ठाकर-कातकरी बायका पानाच्या द्रोणात करवंदं घेऊन बसतात ना, त्या पहाटे अंधारात उठून काट्यात हात घालून ती तोडतात, चार आठवड्यांचा हा धंदा, त्यावर मुलांच्या वह्या येतात. वीस जणांनी तीन पिशव्या भरल्या की त्यांच्या वाट्याचं गेलं. त्यांच्याकडून घ्या, आणि घासाघीस करू नका ही माझी हात जोडून विनंती.

गावात स्वतःच्या किंवा ओळखीच्या रानात तोडत असाल तरी फांदी मोडू नका. आकडीने वाकवा, झेला (टोकाला जाळी लावलेली काठी) वापरा. पक्ष्याने-वटवाघळाने टोचलेलं, अर्धवट खाल्लेलं फळ तेवढा भाग कापून खाऊ नका, पूर्ण टाका. पुण्याच्या एनआयव्हीला, म्हणजे राष्ट्रीय विषाणू संस्थेला, महाबळेश्वरच्या गुहेतल्या वटवाघळांमध्ये निपाह विषाणूच्या खुणा सापडल्या होत्या, २०२१ मध्ये ते जाहीर झालं. घाबरायचं कारण नाही, एवढी काळजी पुरते.

आई रोज काजू आणि रातांबे गोळा करायला जाते. माकडतापाची भीती वाटते. (वाचक, दोडामार्ग)

भीती खोटी नाही, २०१६ मध्ये तुमच्याच तालुक्यात त्याची साथ आली होती. तो गोचिडीमुळे होतो, माकडाच्या नुसतं जवळून गेल्याने नाही. आईला पूर्ण बाह्यांचा शर्ट, पायात मोजे घालायला सांगा, पालापाचोळ्यात बसून काम करू देऊ नका, अंगाला लावायचं औषध आरोग्य केंद्रात विचारा. घरी आल्या आल्या कपडे गरम पाण्यात आणि काखा, मान, कानामागे बघायचं. मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता आरोग्य केंद्रात कळवा. ताप, डोकं-अंग खूप दुखायला लागलं तर डॉक्टरांना सांगायचं की जंगलात गेले होते, हे सांगायचं राहून जातं आणि दिवस फुकट जातात.

इथे रस्त्याकडेला ब्लॅकबेरी लगडतात, कुणी तोडत नाही. तोडल्या तर चालतं का, आणि करवंदासारखं काही करता येईल का? (वाचक, लेस्टर, इंग्लंड)

चालतं हो, आपोआप उगवलेली फळं स्वतःच्या घरासाठी तोडणं तिथल्या १९६८ च्या थेफ्ट अ‍ॅक्टमध्ये चोरी धरलेली नाही, विकायला मात्र तोडू नका आणि कुणाच्या आवारात न विचारता शिरू नका. कुत्रे फिरवायच्या वाटेवरची असतील तर कमरेच्या वरचीच घ्या, मोठ्या हायवेच्या कडेची नकोच. लोणचं नाही होणार, ती मऊ असतात. मुरंबा करा. पूर्ण पिकलेल्या ब्लॅकबेरीत पेक्टिन कमी म्हणून किलोभर फळाला एखाद-दुसरं आंबट सफरचंद किसून घाला, छान घट्ट होतो, आणि शेवटी वेलची आणि दोन लवंगा. पोळीबरोबर खा, मग कळवा.

भीमाशंकरच्या वाटेवर पांढरी मण्याएवढी फळं विकतात, त्यांचं काय करतात? (वाचक, पुणे)

ती तोरणं. बोराच्याच जातीतली, पिठूळ गोड. त्यांचं काहीसुद्धा करायचं नसतं, गर थोडा आणि बीच मोठी. द्रोण घ्या, तिथंच दगडावर बसा आणि खा, घरी येईपर्यंत ती काळवंडतात.