मराठवाड्यात समुद्र नाही, मग रेल्वेपुलावरच्या कामगारांना 'खलाशी' का म्हणतात?

तुमचे काका गंगाखेडला गोदावरीच्या रेल्वेपुलावर कामाला होते आणि स्वतःला 'ब्रिज खलाशी' म्हणवायचे, असं तुम्ही लिहिलंय. माझे वडीलही पूर्णेला ब्रिज गँगमध्ये होते, त्यामुळे हा शब्द आमच्या घरात रोजचाच.

मूळ शब्द अरबी 'खलास', म्हणजे सुटका, मोकळं होणं. आपण 'काम खलास' म्हणतो तोही हाच. त्यावरून हिंदुस्थानीत 'खलासी' आणि मराठीत 'खलाशी'. आज मराठीत खलाशी म्हटलं की जहाजच डोळ्यांपुढे येतं. पण इंग्रज काळात तंबू ठोकणाराही खलाशी होता आणि जमीन मोजताना साखळी धरणाराही. माझ्या मते हा शब्द पाण्याच्या नव्हे, दोरीच्या मागे फिरला. डोलकाठी असो, तंबू असो की गर्डर (पुलाची लोखंडी तुळई), कसब तेच: दोरखंड, गाठी, कप्पी. रेल्वेने हुद्द्याचं नावच खलाशी ठेवलं. निजामाच्या राज्यात कारभार उर्दूत चालायचा, तेव्हा आपल्याकडे ते कुणाला परकं वाटायचं कारण नव्हतं.

हे कसब केवढं असतं ते केरळात दिसलं. ८ जुलै १९८८ ला पेरुमनच्या पुलावरून आयलंड एक्सप्रेसचे डबे अष्टमुडी तलावात कोसळले. ते बाहेर काढायला मलबारचे माप्पिला (तिथला मुस्लिम समाज) खलाशी बोलावले होते, पिढ्यान्‌पिढ्या बेपूरची लाकडी जहाजं दोर-कप्पीने पाण्यात उतरवणारी माणसं.

आपल्याकडच्या ब्रिज खलाशाचं काम कुणाच्या नजरेला पडत नाही. गर्डर ज्या बेअरिंगवर टेकतो, त्याला साधारण तीन वर्षांतून एकदा ग्रीस लागतं. त्यासाठी ब्लॉक घ्यायचा, म्हणजे थोडा वेळ गाड्या थांबवायच्या, जॅक लावून गर्डर उचलायचा, खाली लाकडी स्लीपर रचायचे, बेअरिंग घासून ग्रीस भरायचं आणि गाडीच्या वेळेआधी सगळं पुन्हा जागेवर बसवायचं. रिव्हेट, म्हणजे पुलाचे लोखंडी भाग जोडणारे खिळे, तपासताना एका बाजूला बोट टेकवून दुसऱ्या बाजूने हलकी हातोडी मारतात. रिव्हेट ढिला असेल तर बोटाला लगेच कळतं. वडील म्हणायचे, डोळ्यांपेक्षा बोट खरं बोलतं.

आता भरतीच्या जाहिरातीत या पदाचं नाव 'असिस्टंट ब्रिज' असतं. काकांची जुनी कागदपत्रं शोधत असाल तर 'खलाशी' किंवा 'खलाशी हेल्पर' या नावाने बघा.