होल्स्टची ‘सावित्री’ आणि पियानोची साथ

प्रश्न : आमच्या हौशी गायनवृंदाला वटपौर्णिमेच्या सुमारास इंग्रज संगीतकार गुस्ताव होल्स्टचा ‘सावित्री’ हा ऑपेरा करायचा आहे. पियानो आहे, वाद्यवृंद नाही. तीन गायकांपैकी दोघे हिंदुस्थानी संगीत शिकलेले आहेत. जमेल का?

उत्तर : जमेल. ‘द प्लॅनेट्स’ या त्याच्या गाजलेल्या रचनेमुळे होल्स्ट म्हटलं की भलामोठा वाद्यवृंद डोळ्यांपुढे येतो, पण ही रचना अगदी आटोपशीर आहे. एकच अंक, साधारण अर्धा तास. पात्रं तीन : सावित्री, सत्यवान (टेनर, म्हणजे उंच पुरुषी आवाज) आणि मृत्यू (बास, म्हणजे खर्जातला पुरुषी आवाज). वाद्यं अवघी १२ : दोन स्ट्रिंग क्वार्टेट (प्रत्येकी चार तारवाद्यं), एक डबल बास (सर्वांत मोठं, खर्जाचं तारवाद्य), दोन बासऱ्या, एक कोर आंग्ले (ओबोच्या जातीचं सुषिरवाद्य). प्रयोग उघड्यावर किंवा लहान वास्तूत करावा, पडदा लागत नाही, असं होल्स्टनंच लिहून ठेवलं आहे.

खरी कसोटी सुरुवातीलाच आहे. मृत्यूचा आवाज दुरून, कसल्याही साथीविना येतो. मग सावित्री गाऊ लागते, तीही साथीविना, आणि दोघांच्या ओळी एका षड्जावर बसत नाहीत. त्यामुळे तंबोरा लावून घोकू नका. सा कानात मुरला की समोरची ओळ सुरू होताच गायक आपल्या सा कडे ओढला जातो. दोघांनी आपापली ओळ आधी वेगवेगळी पाठ करावी, मींड-कण बाजूला ठेवून. साथ नसली की आवाज हळूहळू उतरतो आणि वाद्यं आली की ते उघडं पडतं. म्हणून दर तालमीत हा भाग संपल्यावर पियानोवर स्वर ताडून पाहा आणि जिथे उतरतो तिथे प्रतीवर पेन्सिलीने खूण करा.

मृत्यूला सुरुवातीला माइक देऊ नका. दूरपणाच निघून जातो.

स्त्रियांचा कोरस आडून, शब्दांविना गातो. त्याचा स्वर इंग्रजी ‘सन’मधला, म्हणजे आपला ऱ्हस्व ‘अ’. सवयीनं ‘आ’कार लावला की कोरस पुढे येतो आणि गायकांना झाकतो. कोरस ३४ मीटर लांब असेल तर आवाज सेकंदाच्या दहाव्या भागानं उशिरा पोचतो. तिथे दुसरा संचालक उभा करा. त्यानं मुख्य संचालकाचा हात पाहूनच ताल द्यावा, कानावर विसंबू नये.

पियानोवर लांब स्वर विरतात, त्यामुळे तारवाद्यांनी धरून ठेवलेल्या जागा पोकळ वाटतात आणि गायक घाई करतात. निदान एक व्हायोलिन, एक चेलो आणि एक बासरी मिळवाच.

प्रश्न : महाभारतात सावित्री अनेक वर मागते. इथे एकच का?

उत्तर : होल्स्टनं संहिता स्वतः लिहिली, मूळ वाचायला तो संस्कृतही शिकला होता. वनपर्वातली सासऱ्याची दृष्टी, राज्य, शंभर पुत्र ही सगळी मागणी त्यानं गाळली. इथे मृत्यू एक वर देतो, फक्त सत्यवान मागायचा नाही. ती स्वतःसाठी परिपूर्ण जीवन मागते. मृत्यू ‘दिलं’ म्हणतो आणि मग ती दाखवते की सत्यवानावाचून ते शक्यच नाही. अर्ध्या तासाच्या नाट्यात हा एकच पेच पुरतो, आमच्या मते तोच जास्त धारदार आहे.

प्रश्न : ऐकायला कोणतं ध्वनिमुद्रण घ्यावं?

उत्तर : इमोजेन होल्स्ट (संगीतकाराची मुलगी) यांच्या संचालनातलं, जॅनेट बेकर यांनी सावित्री गायलेलं, १९६० च्या दशकातलं. तालमीआधी ऐका, तालमी सुरू झाल्यावर मात्र बंद ठेवा, नाहीतर सावित्री त्यांची नक्कल करू लागते.