मूळ कागद वाचलास का?

चि. पोरा,

रविवारी तू उठून गेलास तेव्हा कपात अर्धा चहा तसाच होता. काकू म्हणाली, पोराला फार बोललात. बोललो असेन. त्या दिवशी नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहायला बसलोय.

तुझा पेच मला कळला नाही असं समजू नकोस. चुलते सीमाभागातल्या मराठी माणसांच्या महामेळाव्याला निघालेले आणि त्याच सकाळी तू गळ्यात पास अडकवून हलग्याच्या बाजूला, कर्नाटक विधिमंडळाच्या बेळगावातल्या सुवर्ण सौधात. गल्लीत कोणीतरी 'बाटला' म्हणालं. आत गेलास तर आमदारांच्या खोलीत तुझं कन्नड ऐकून कोणीतरी हसलं. दोन्हीकडून मार. इंटर्नशिप सोडू का, असं तू विचारलंस आणि मी उलट विचारलं, विधानसभेतल्या शाळांवरच्या त्या प्रश्नाला सरकारने दिलेलं मूळ उत्तर वाचलंस का? तुला वाटलं, म्हातारा विषय बदलतोय. अरे, विषय तोच होता.

आमदारासाठी तू केलेलं टिपण मी पाहिलं. इंग्रजी सुबक, खाली रेघा, रंगीत चौकटी. 'खानापूर तालुक्यातल्या शाळांत शिक्षकांची सोय करण्यात आली आहे.' हे वाक्य कुठून आणलंस? कोणीतरी ग्रुपवर टाकलेल्या इंग्रजी सारांशातून. मूळ उत्तर कन्नडमध्ये, दोन रकान्यांचं. डावीकडे प्रश्न, उजवीकडे उत्तर. प्रश्नाचे तुकडे अ, आ, इ, ई. ते तुझ्या पिशवीतच होतं, घडी न मोडलेलं! मी काढून वाचलं. तिथे 'अतिथी शिक्षक' लिहिलंय. म्हणजे त्या वर्षापुरते, मानधनावरचे. जागा रिकामी ती रिकामीच. आणि खाली, जागा कायमच्या कधी भरणार या तुकड्यासमोर एकच शब्द: 'उद्भविसुवुदिल्ल'. प्रश्न उद्भवत नाही.

या शब्दापाशी थांबायला शिक. सरकारी उत्तरात जिथे 'उद्भवत नाही' येतं, तिथे वरच्या तुकड्याच्या उत्तरात काय म्हटलंय म्हणून खाली उद्भवत नाही, हे बघायचं. सोय झाली असं वर म्हटलं, म्हणून खाली भरतीचं बोलायची गरजच उरली नाही. प्रश्न तारांकित, म्हणजे सभेत तोंडी उत्तराचा, असेल तर आमदार उभा राहून उपप्रश्न विचारू शकतो. तो उपप्रश्न या एका शब्दाच्या पोटात बसलेला असतो. सारांश करणाऱ्याने नेमकी तीच ओळ गाळली होती, आणि तू त्या सारांशाचा सारांश केलास. २२४ आमदारांच्या सभेत तुझ्या टिपणाला कोण विचारणार, असं म्हणू नकोस. त्या आमदाराच्या हातात त्या मिनिटाला दुसरा कागद नसतो.

मूळ कागद वाच. कन्नडमध्ये आहे? कन्नडमध्ये वाच. अडखळत वाच, बोट ठेवून वाच. पण वाच.

हे मी का सांगतो ते आजवर तुला सांगितलेलं नाही. तुझ्या चुलत्यांना माहीत आहे.

मी पस्तिशीत होतो. कन्नड कागद हातात घ्यायचा नाही, असं आम्ही ठरवलेलं. वर 'मराठीत द्या' असं लिहून परत पाठवायचा. सगळ्यांत मोठ्याने ओरडणारा मीच. आत्याची एक एकर बारा गुंठे भाताची जमीन होती. तिला नोटीस आली ती मीच परत पाठवली, वर झोकात मराठी सही करून. दोन महिन्यांनी वकिलाकडे गेलो. त्यांनी नक्कल मागवली आणि आत्याला मोठ्याने वाचून दाखवली. 'भूस्वाधीन.' 'आक्षेपणे.' 'मूवत्तु दिनगळोळगे.' १८९४ च्या भूसंपादन कायद्यात आक्षेप घ्यायला ३० दिवस असत, ते उलटून गेलेले. आत्याने आयुष्यात शाळा पाहिली नव्हती, पण बाजारात भाजी विकून मूवत्तु म्हणजे तीस हे तिला पाठ. ती माझ्याकडे वळून म्हणाली, "अरे, हे तर कळतंय की!"

अडलं होतं ते लिपीपाशी. भाषेचं निम्मं तिच्याकडे आधीच होतं, आणि शिकलेला मी मध्ये उभा होतो.

आता तू म्हणशील, आक्षेप घेतला असता तर जमीन राहिली असती का? बहुधा नसती. मी हे स्वतःला हजारदा सांगितलंय. आक्षेप फेटाळले जायचेच त्या काळी. पण तिच्या नावाचा एक कागद तरी त्या फायलीत गेला असता.

आणि हेही ऐकून ठेव, मराठीत कागद मागणं चूक नव्हतं. आजही मी अर्ज देतो. तालुक्यात पंधरा टक्के लोक अल्पसंख्याक भाषा बोलत असतील तर महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेत छापाव्यात, हे देशपातळीवर ठरलेलं आहे. त्याकडे बघायला राज्यघटनेच्या ३५० ब कलमाखाली भाषिक अल्पसंख्याकांचा आयुक्त असतो. २१० कलम सांगतं की सभेच्या भाषांत ज्याला नीट बोलता येत नाही, त्याला अध्यक्ष मातृभाषेत बोलू देऊ शकतात. सीमेचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे. यातलं काहीही सोडायचं नाही. चुलत्यांना सांग, मीही त्या मेळाव्यांना गेलोय, तुझ्या जन्माआधी. माझी निष्ठा कोणी मोजू नये.

चाळिशीत मुलीच्या कन्नडच्या पुस्तकावरून मी कन्नड अक्षरं गिरवली. मराठी शाळेतली ती पोरगी मला छडी दाखवायची. मग वीस वर्षं कोर्टाच्या आवारात बाँड रायटर म्हणून, लोकांचे दस्त-अर्ज लिहून देत बसलो. किती आत्या आल्या असतील माझ्या टेबलापाशी! तुला वाटतं, हा म्हातारा पापं धूत बसला होता. वाटू दे.

तुला दिल्लीची लॅम्प फेलोशिप हवी आहे, खासदाराबरोबर काम करायचं आहे. पंचविशीच्या आत अर्ज कर, मी अडवत नाही. पण इथे पिशवीतला कागद उघडला नाहीस, तर तिथेही ग्रुपवरचा सारांशच चिकटवशील. इंग्रजी अधिक चांगलं असेल, एवढंच.

सोडायचं की नाही ते तूच ठरव. बेळगावातलं अधिवेशन कितीसं, दहा-बारा दिवसांचं. २००६ पासून बघतोय, येतात आणि बेंगळुरूला जातात. सोडायचंच असेल तर त्या उपप्रश्नाचं टिपण नीट लिहून दे आणि मग सोड. कन्नडला हसणाऱ्याला हसू दे. त्याला मराठी येतं का, हे मात्र एकदा विचारून बघ, मला उत्सुकता आहे.

रविवारी ये. 'मराठीत द्या' असं माझ्या हाताने लिहिलेल्या त्या नोटिशीची नक्कल फाईल चाळून मी काढून ठेवली आहे. मला आता बारीक अक्षर दिसत नाही. तू वाचून दाखव, पहिल्या ओळीपासून. आणि चहा सगळा पी.

तुझा,
काका