वजाचे चिन्ह कोणाचे? : पद, सहगुणक आणि अवयव

प्रश्न असा आहे की ५अ² − ३अब + ७ या बैजिक राशीतील दुसऱ्या पदाचा सहगुणक ३ म्हणावा की −३, आणि त्या पदातील अ व ब यांनाही ‘पदे’ म्हटले तर काय बिघडते. (क्ष आणि य ही नेहमीची अक्षरे घेतली असती, तर मधल्या पदात ‘क्षय’ उमटला असता.)

सहगुणक −३ आहे. राशीचे जे भाग बेरजेने जोडलेले असतात त्यांना पदे म्हणतात आणि वजाबाकी ही विरुद्ध संख्येची बेरीजच असल्यामुळे या राशीची पदे ५अ², −३अब आणि ७ अशी तीन होतात. चिन्ह दोन पदांच्या मधोमध छापलेले दिसते, म्हणून ते कोणाचेच नाही असा समज होतो; प्रत्यक्षात ते पुढच्या पदाचे असते. भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’त हा घोटाळा उद्भवतच नाही. तेथे पहिल्या अव्यक्तासाठी, म्हणजे अज्ञात संख्येसाठी, ‘यावत्तावत्’मधील ‘या’, दुसऱ्यासाठी ‘कालक’मधील ‘का’ आणि स्थिर संख्येसाठी ‘रूप’मधील ‘रू’ लिहून पदे नुसती शेजारीशेजारी मांडली जात, आणि ऋण संख्येच्या डोक्यावर टिंब दिले जाई. म्हणजे ऋणत्व संख्येच्याच अंगावर असे.

अ आणि ब यांना मात्र पदे म्हणता येणार नाही. ते गुणाकाराने जोडलेले असल्यामुळे −३अब या पदाचे अवयव आहेत, आणि ‘सहगुणक’ या शब्दातला ‘सह’ हेच सांगतो की उरलेल्या अवयवांसोबत गुणणारा तो सहगुणक. त्यामुळे काटेकोरपणे पाहता ‘कशाचा सहगुणक’ हे सांगावे लागते : अब चा सहगुणक −३ असला, तरी अ चा सहगुणक −३ब आहे. शालेय पुस्तकांत नुसते ‘सहगुणक’ म्हटले की संख्येचा भाग अभिप्रेत असतो, आणि तो लिहिलेला नसला तरी असतोच. अ या पदात तो १, −अ या पदात −१.

शेवटच्या ७ ला स्थिर पद म्हणतात, त्याबद्दल वाद नाही. २(अ + ब) कडे मात्र थोडे थांबून पाहावे, कारण जशी लिहिली आहे तशी ही राशी २ आणि (अ + ब) या दोन अवयवांचा गुणाकार, म्हणजे एकच पद आहे, आणि कंस सोडवून २अ + २ब लिहिताच तिची दोन पदे होतात. किंमत तीच राहते. पदे मोजायची ती समोरच्या मांडणीवरून.