२०२४ मध्ये ट्रम्प जिंकले, म्हणजे अमेरिकेतलं जॉर्जिया राज्य पुन्हा रिपब्लिकनांकडे झुकलं का?

नाही. कोण जिंकलं यावरून राज्याचा कल ठरवू नका. राज्यातल्या आघाडीची देशभरातल्या आघाडीशी तुलना करा. २०१२ मध्ये रिपब्लिकन उमेदवार रॉम्नी जॉर्जियात ७.८ टक्क्यांनी पुढे होते, तर देशात डेमोक्रॅट ओबामा ३.९ टक्क्यांनी. म्हणजे देशाच्या तुलनेत राज्य ११.७ अंकांनी रिपब्लिकन बाजूला होतं. याच हिशेबाने २०१६ मध्ये हा आकडा ७.२, तर २०२० मध्ये ४.२ येतो. २०२४ मध्ये ट्रम्प जॉर्जियात २.२ आणि देशात १.५ टक्क्यांनी पुढे, म्हणजे फरक उरला जेमतेम ०.७!

यामागे मुख्यतः राज्याची राजधानी अटलांटाची उपनगरं आहेत. तिथल्या कॉब आणि ग्विनेट काउंटी (जिल्ह्यासारखे विभाग) २०१६ मध्येच डेमोक्रॅट्सकडे गेल्या. २०१२ मध्ये रॉम्नींना कौल देणारी हेन्री काउंटी तर २०२४ च्या ट्रम्प लाटेतही आणखी डेमोक्रॅट्सकडे सरकली.

मात्र शेवटचा ०.७ जपून वाचा. २०२४ मध्ये न्यूयॉर्क, कॅलिफोर्नियासारख्या प्रचार न झालेल्या मोठ्या राज्यांत डेमोक्रॅट्सची आघाडी खूप घटली, त्यामुळे देशाचीच सरासरी उजवीकडे, म्हणजे रिपब्लिकन बाजूला गेली. जॉर्जियाचा फरक कमी दिसण्यात त्याचाही वाटा आहे.